विज्ञानाच्या बाईंची स्मरणिका कशी करावी

मी लेखक नव्हे. ठाण्यातल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो, त्यातली अठरा बाईंच्या हाताखाली. मुलं मला मामा म्हणायची, बाई भाऊ म्हणायच्या. डिसेंबरात बाई गेल्या तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी स्मरणसभेचं आणि आठ पानी स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात टाकलं, कारण प्रयोगशाळेतल्या जुन्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलेली असते हे अजून मलाच ठाऊक होतं. नंतर दोन ठिकाणांहून फोन आले. आमच्याही एक बाई गेल्या, त्याही तुमच्या बाईंसारख्या आधी मठात सिस्टर, म्हणजे नन, होत्या, तुम्ही कसं जमवलंत? फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवतो.

पहिलं काम पेपरातल्या निधनवार्तेचं. ती त्याच संध्याकाळी द्यावी लागते, म्हणून तिथेच चुका होतात. आमच्या दोन झाल्या. एका उत्साही मुलाने (मुलगा कसला, पन्नाशीचा गृहस्थ) व्हॉट्सॲपवर फोटो फिरवला, त्यावर 'कै.' लिहिलं आणि खाली समई. कैलासवासी हा शब्द शंकराच्या घरचा. बाई ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मुंबई-ठाण्याकडच्या जुन्या ख्रिस्ती, ठाण्यातल्या उथळसरच्या. मराठी ख्रिस्ती माणसं 'ख्रिस्तवासी' लिहितात. ते अवघड वाटलं तर सरळ 'दिवंगत' लिहा, कुठेच अडत नाही.

दुसरी चूक मोठी आणि ती माझी. मी बातमीत बाईंचं एकच नाव दिलं, जे आमच्या मस्टरवर होतं ते. पण बाई आमच्याकडे यायच्या आधी दुसऱ्या गावच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकवायच्या आणि तिथे त्यांचं नाव वेगळं होतं. जुन्या पद्धतीत मुलगी मठात गेली, तिने सिस्टरचा झगा स्वीकारला, की तिला नवं नाव मिळायचं, बहुधा एखाद्या संताचं. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. तिच्यानंतर हे नियम बरेच सैल झाले आणि पुष्कळ सिस्टरांनी बाप्तिस्म्याचं नाव परत घेतलं. बाई त्याआधी आत गेलेल्या. त्यामुळे त्यांच्या आयुष्यात दोन नावं आणि दोन गोतावळे. सभा होऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी एक सत्तरीच्या बाई फोनवर रडत होत्या. त्यांनी बातमी वाचली होती, पण ती आपल्या सिस्टरचीच आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. म्हणून दोन्ही नावं छापा, पहिल्याच ओळीत.

ते कसं लिहायचं याचाही घोळ होतो. प्रेसवाल्याने सुचवलं, 'पूर्वाश्रमीच्या सिस्टर अमुक'. आपल्याकडे संन्याशाचा पूर्वाश्रम म्हणजे संन्यासाआधीचं घर. इथे संन्यासच आधीचा, सगळं उलटं! 'माजी नन' तर मुळीच नको. माजी नगरसेवक, माजी सभापती यांच्या रांगेत बसवल्यासारखं वाटतं. आम्ही लिहिलं: 'काही वर्षे त्या धर्मभगिनी होत्या व सिस्टर अमुक या नावाने शिकवीत.' लांबलं थोडं, पण बरोबर झालं.

आता माहिती कुठून आणायची. विशेषणं मागू नका, नोंदवह्या मागा. अशा माणसाला नवरा नाही, मुलं नाहीत, घरात ट्रंक उघडून बसणारं कुणी नाही. आमच्या बाईंची एक पुतणी होती, तिच्याकडे एक चामडी पाकीट आणि सात फोटो. एवढंच. पण कागद इतर ठिकाणी असतात.

एक, शाळेचं सेवापुस्तक. जन्मतारीख, शिक्षण, रुजू झाल्याची तारीख, सगळं एका पानावर. ते कुणालाही दाखवत नाहीत. नातेवाइकाचं पत्र घेऊन मुख्याध्यापकांकडे जा आणि फक्त तारखा लिहून आणा.

दोन, आणि हे मला पुतणीने सांगेपर्यंत माहीत नव्हतं, बाप्तिस्म्याची नोंदवही. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या वहीत त्या माणसाच्या नावापुढे पुढच्या गोष्टीही टिपून ठेवतात: दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा एक विधी) कधी झालं, लग्न कधी झालं. आणि मठात जाऊन आजन्म व्रतं घेतली असतील तर तेही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या नोंदीशेजारी नंतरच्या कुणाच्या तरी शाईत एक ओळ असते. इथेही घरच्यांनीच विचारायचं, फादरना आधी फोन करून. पुतणीने ती ओळ उतरवून आणली तेव्हा आमच्या स्मरणिकेतला एक मोठा खड्डा भरला.

तीन, सिस्टरांच्या ज्या मंडळात (संघात) त्या होत्या तिथलं कार्यालय. भीत भीत पत्र टाकलं होतं. मला वाटलं, सोडून गेलेल्या बाईबद्दल ही माणसं काय सांगणार. दहा दिवसांत टाइप केलेलं उत्तर आलं, तारखांसकट, आणि सोबत एका वृद्ध सिस्टरांचा निरोप की तुम्ही येऊन भेटा. तेव्हा आधीच तोंड वाकडं करून जाऊ नका.

मठाच्या पायऱ्या समजून घ्या, नाहीतर लिहिताना सगळं एकत्र कालवलं जातं. मुलगी आत गेली की आधी उमेदवारी, मग निदान एक वर्षाची नवदीक्षा, मग काही वर्षांसाठीची व्रतं आणि शेवटी आजन्म व्रतं. व्रतं तीन: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. मुदतीची व्रतं संपल्यावर निघून येणं सोपं. आजन्म व्रतांनंतर बाहेर पडायचं तर रीतसर अर्ज करावा लागतो आणि मंजुरी वरून येते, काही मंडळांच्या बाबतीत थेट रोमहून. 'पळून आल्या' हा शब्द आमच्या शाळेत वर्षानुवर्षं स्टाफरूममध्ये फिरत होता. कुणी पळून आलेलं नव्हतं. अर्ज होता, उत्तर होतं, दोन्हींवर तारीख होती.

दारिद्र्याच्या व्रताचं एक व्यावहारिक अंग लिहायला विसरू नका, कारण तरुण वाचकांना ते सुचत नाही. सिस्टर शाळेत शिकवते, पगार निघतो, पण तो मंडळाचा. बाहेर पडताना केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, असं चर्चचा कायदा सांगतो. मंडळाने तिच्याशी न्यायाने आणि मायेने वागावं, हेही तिथेच सांगितलेलं आहे. आमच्या बाई पस्तिशी ओलांडल्यावर ठाण्यात आल्या तेव्हा त्यांच्याकडे एक ट्रंक होती आणि बँकेत खातंही नव्हतं. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांनी जांभळी नाक्यावरून एक छत्री आणि हिरव्या काठाची साडी घेतली. ती साडी मी पाहिलेली आहे. नंतर तिच्या पदराला सल्फ्युरिक ॲसिडची तीन भोकं पडली आणि तरीही त्या ती नेसायच्या.

चौथी नोंदवही माझ्याच कपाटात होती. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण स्मरणिकेची अर्धी पानं तिच्यातून निघाली.

प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत ब्रेकेज रजिस्टर असतं. काय फुटलं, कुणाकडून, केव्हा, किंमत किती, वसूल केली का. बाईंनी आल्या आल्या त्यात पट्टीने एक रकाना वाढवला: कारण. परीक्षानळी फुटली की मुलाने स्वतः लिहायचं. मुलं लिहायची, 'चुकून'. बाई ते लाल पेनने खोडायच्या. "चुकून हे कारण नव्हे. काच का फुटली ते लिही." मग पोरगं विचार करत उभं राहायचं, मधली सुट्टी निघून जायची, आणि शेवटी लिहायचं: 'नळी बाहेरून ओली होती, तशीच आचेवर धरली.' बाई सही करायच्या. किमतीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी त्यांच्याच अक्षरात 'जमा' आहे आणि ते पैसे कुणाचे हे मला माहीत आहे. एका पानावर मुलाचं नाव नाही, बाईंचं आहे. '२५० मि.ली. फ्लास्क. कारण: मी रागावलेली होते.'

तुमच्या बाईंची अशी वही नसेल. पण काहीतरी असेल: प्रयोगवहीवरचे शेरे, फळ्याचे फोटो, वाचनालयाची कार्डं, पाककृतींची वही. त्यांच्या हातचं अक्षर ज्यावर आहे ती वस्तू शोधा आणि तिच्यावरून माणसांना फोन करा. "बाई कशा होत्या?" असं विचारलंत तर प्रेमळ, शिस्तप्रिय, मनमिळाऊ हे तीन शब्द मिळतील, चौथा नाही. मी फोन करून म्हणायचो, "१९८९ साली तू थर्मामीटर फोडलास, वहीत आहे." पलीकडून आधी किंचाळी, मग वीस मिनिटं आठवणी. पारा गोळा करायला बाईंनी बोटं लावू दिली नव्हती. खिडक्या उघडायला लावल्या आणि कागदाच्या दोन चिठ्ठ्यांनी थेंब ढकलत ढकलत बाटलीत घातला. हे त्याला आता, चार कारखाने बघत असताना, जसंच्या तसं आठवत होतं.

आठवणी मात्र तपासून घ्या. चौघांनी सांगितलं की १९९९च्या सूर्यग्रहणाला बाईंनी घरी बोलावलं होतं. एकाला फराळ आठवत होता, एकीला सकाळची थंडी. आता ११ ऑगस्ट १९९९चं ग्रहण ऐन पावसाळ्यात आणि संध्याकाळचं. फराळ कुठला? २४ ऑक्टोबर १९९५चं ग्रहण सकाळचं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं. ठाण्यात खंडग्रास दिसलं होतं. बाईंनी पोस्टकार्डाला दाभणाने भोक पाडून गॅलरीच्या भिंतीवर कोरीसारखा सूर्य पाडला आणि ग्रहणात काही खायचं नाही म्हणणाऱ्या पोरांसमोर स्वतः चकली मोडली. आम्ही १९९५ छापलं. चौघांपैकी एक अजून १९९९वर ठाम आहे, असू दे.

मग तो प्रश्न येणारच: मठ का सोडला?

इथे प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. आमच्याकडे तीन होती. प्रेमप्रकरण, मदर सुपीरियरशी (मठाच्या प्रमुख सिस्टरशी) भांडण, आणि 'विज्ञान शिकल्या म्हणून देवावरचा विश्वास उडाला'. तिसरं सुशिक्षितांचं लाडकं, आणि तेच सगळ्यात पोकळ. बाई शेवटपर्यंत तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये मिस्सेला (फादर चालवतात त्या प्रार्थनाविधीला) जायच्या, पावसात त्याच छत्रीसकट. दहावीला आनुवंशिकता शिकवताना त्या वाटाण्यांची दोन पाकिटं आणायच्या आणि मेंडेलची गोष्ट सांगायच्या. ऑगस्टिनियन मठातला माणूस, ब्रनोच्या मठाच्या बागेत वाटाणे लावले आणि मोजले: गोल ५४७४, सुरकुतलेले १८५०. भागाकार मुलांनी करायचा. १८६६ साली छापलं आणि जगाला त्याची किंमत कळायला १९०० उजाडलं. "मठात वेळ असतो हो भाऊ," बाई मला म्हणायच्या, "वाटाणे सोलायला कुणीतरी लागतंच." विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली मांडणारा लमेत्र हाही पाद्रीच, हे त्यांच्याकडूनच मला कळलं. तेव्हा देव विरुद्ध विज्ञान असला सामना लावून लेख रंगवू नका. लिहायला सोपं जातं, म्हणूनच संशय घ्या.

मी त्या वृद्ध सिस्टरांना भेटायला गेलो तेव्हा माझ्याही मनात हाच प्रश्न होता, खोटं कशाला बोलू. दोघी एकाच वर्षी नवदीक्षेत होत्या. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, बाई रात्री दिवा मालवल्यावर टॉर्च घेऊन रसायनशास्त्राचं पुस्तक वाचायच्या ते सांगितलं, भात कसा करपवायच्या ते सांगितलं. सोडण्याबद्दल एवढंच म्हणाल्या, "स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली, आणि आम्ही दोघी हसत होतो." हे आम्ही छापलं. त्यांना वाचून दाखवून, परवानगी घेऊन.

खुद्द बाईंना मी अठरा वर्षांत एकदाच विचारलं होतं, स्टॉक मोजता मोजता. त्या बाटल्यांची लेबलं पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना लेखी सांगितलंय." पोराटोरांकडून कारण लिहून घेणारी बाई, आणि स्वतःचा रकाना असा. त्या वेळी मला ते थोडं लागलं होतं. स्मरणिकेत आम्ही एक ओळ लिहिली: 'रीतसर परवानगी घेऊन त्या मंडळातून बाहेर पडल्या व पुढच्या जूनमध्ये ठाण्यात रुजू झाल्या.' पुढे कारण नाही. पण झाकलंही नाही. काही जण म्हणाले, हा भागच गाळा, चर्चच्या लोकांना वाईट वाटेल. पुतणीने मोडता घातला: आत्याने पंधरा वर्षं दिली होती तिथे, ती काय सुट्टीवर होती?

छपाईचं थोडक्यात. पानं चारच्या पटीत ठेवा. आठ पानं म्हणजे ए-फोरचे दोन कागद दुमडून मध्ये पिन. नौपाड्यातल्या छापखान्यात आमचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला आणि सगळे 'ऱ्या' फुटले: 'दुसऱ्या', 'बिचाऱ्या', सगळे. मोबाइलवर वाचून 'ओके' कळवू नका. कागदावर प्रूफ काढा आणि मजकूर न लिहिलेल्या माणसाला वाचायला द्या. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, मोबाइलने फोटोचा फोटो काढलात तर चेहरे पिठासारखे येतात. झग्यातला एक आणि साडीतला एक, दोन्ही सारख्याच आकारात छापा. आमच्या पहिल्या प्रुफात झग्यातला मोठा होता, कारण तो 'इंटरेस्टिंग' दिसतो म्हणे.

सभेचा वार ठरवताना घरच्यांचं कॅलेंडर बघा. आम्ही आधी रविवारी सकाळी नऊला ठेवली होती, तीच मिस्सेची वेळ. पुतणी बिचारी एवढंच म्हणाली, मला जमणार नाही. मग लक्षात आलं. त्यांच्यात तेरावं नसतं. सातव्या दिवशी आणि महिन्याने मिस्सा असते. आम्ही महिन्याच्या मिस्सेनंतरच्या रविवारी दुपारी चारला घेतली. व्यासपीठ ठेवू नका. ठेवलंत तर त्यावर बसायला माणसं येतात, आमच्याकडेही विचारणा झालीच. प्रयोगशाळेत स्टुलं असतात, सगळ्यांना सारखी. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, स्टॉपवॉच लावून. पहिलं भाषण मुख्याध्यापकांचं नको, वहीत ज्याची नोंद सगळ्यात जुनी त्याचं.

आणि एक प्रयोग कराच. भाषणांपेक्षा तो लक्षात राहतो. बाईंचा आवडता पानातल्या पिष्टमय पदार्थाचा. जास्वंदीची कुंडी शुक्रवारी सकाळीच मी अंधाऱ्या कपाटात ठेवली, म्हणजे पानातलं साठलेलं संपतं. रविवारी सकाळी आठला एका पानाच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी टाचणीने लावून कुंडी गच्चीवर. जानेवारीचं ऊन, दोनपर्यंत पुरे होतं. सभेत ते पान तोडून मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग परीक्षानळीत स्पिरिट घालून त्यात. इथे बाईंचा नियम: स्पिरिट कधीही थेट आचेवर नाही. आधी बर्नर बंद, मग नळी गरम पाण्याच्या बीकरमध्ये उभी करायची. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरतो आणि पान कागदासारखं फिकट, कडक होतं. गरम पाण्यात बुडवून मऊ करा, बशीत पसरा, वर आयोडीनचे थेंब. शाळेत नसेल तर केमिस्टकडचं टिंक्चर पाण्यात पातळ करून चालतं. ऊन लागलेला भाग निळा-काळा पडतो, पट्टीखालचा पिवळसरच राहतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम. चाळिशी-पन्नाशीची माणसं चष्मे सावरत बशीवर वाकली होती आणि एकजण दुसऱ्याला कोपराने ढकलत होता.

तेवढ्यात बीकर गेलं. थर्मामीटरवाल्यानेच ते गरम गरम उचलून ओट्यावर ठेवलं आणि तळातून टक् असा आवाज आला. सगळे गप्प. मी कपाटातून रजिस्टर काढलं. १९८९च्या नोंदीपासून बरीच पानं उलटून त्याने तारीख टाकली, नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात पेन टेकवून थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "चुकून लिही." तो म्हणाला, "खोडतील." मग ओट्यावरून हात फिरवला, बोटं बघितली आणि लिहिलं: 'ओटा ओला होता.'

सही कुणी करायची यावर बराच वेळ गेला. शेवटी पुतणीने केली. किमतीचा रकाना अजून भरायचा आहे, उद्या भाव विचारून येतो.